बोटभर फट

२० एप्रिल १९८६, रविवार

किरकोळ ओलावा म्हणे. गेल्या जुलैत माझ्या खोलीत गुडघाभर पाणी शिरलं, मसाल्याचे दोन डबे तरंगत मोरीपर्यंत गेले, खाटेवर स्टोव्ह मांडून मी दोन दिवस भात शिजवला, आणि सोसायटीच्या वहीत अण्णा टिपणिसांनी काय लिहावं, तर "खोली क्रमांक एक येथे किरकोळ ओलावा आढळला." आज मीटिंगमध्ये ते वाचून दाखवलं तेव्हा मला कळलं. मी उभी राहिले. म्हटलं, अण्णा, ओलावा हा कपड्याला येतो, मी त्या दिवशी घरात पोहत होते. तर चष्मा पुसत म्हणाले, "सुगंधाबाई, तुमच्याकडे काही लेखी आहे का? तारीखवार?"

नव्हतं. म्हणून आता हे. विमा एजंटाने जानेवारीत दिलेली डायरी डब्यांच्या खाली टेकू म्हणून लावली होती, ती काढली. डबा आता डुगडुगतो, डुगडुगू दे. माझी शाळा चौथीपर्यंत. पण तारीख घालता येते आणि जे दिसलं ते लिहिता येतं. अण्णा मॅट्रिक होऊन, पस्तीस वर्षं सरकारी ऑफिसात काढून रिटायर झाले, त्यांना तेवढंही जमलं नाही.

आमची चाळ भांडुपला उतारावर आहे. वर डोंगर, मध्ये अण्णा, सगळ्यात खाली मी. आधी पूर्ण अंगण मातीचं होतं. पाऊस यायचा, माती प्यायची. मग चाळीची सोसायटी झाली, अण्णा सेक्रेटरी झाले, आणि स्कूटरला चिखल लागतो म्हणून त्यांनी वरच्या अंगाला सिमेंटचा कोबा करून घेतला. त्या कोब्यावरून पाणी घसरगुंडी खेळत माझ्या उंबऱ्याशी येतं. आता म्हणतात, उरलेल्या अंगणालाही कोबाच करू.

आमच्या ह्यांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून घर माझ्या मसाल्यावर चालतं. मे महिन्यात मिरची वाळवायची, डंकावर कुटून आणायची आणि वर्षभर गिऱ्हाइकांना पुरवायची. तो मसाला एकदा भिजला तेव्हा निभावलं. परत भिजला तर घराला कुलूप लावून गावाला जायचं, दुसरं काही नाही.

२७ एप्रिल

भाऊ आला होता, दत्ताराम. पवईला इंजिनियर लोकांचं मोठं कॉलेज आहे, तिथल्या लॅबमध्ये शिपाई आहे. साहेबांच्या मागे ट्रे धरून उभं राहून राहून अर्धा इंजिनियर झालाय. त्याला अंगण दाखवलं. तो म्हणाला, "बाय, पाणी हाकलायचं नसतं, जिरवायचं असतं. हाकललंस तर दुसऱ्याच्या दारात जातं."

म्हटलं, ते मला सांगू नको, मी तो दुसरा आहे.

मग त्याने माझी पिठाची चाळणी घेतली आणि समजावलं. खाली मोठे दगड. त्यावर खडी. त्यावर जाड रेती. सगळ्यात वर खदाणीतले काळे दगड, सपाट बाजू वर, दोन दगडांत बोटभर फट. फटीत बारीक खडी. सिमेंटचा एक थेंब नाही. पाणी फटीतून खाली जातं आणि जमीन पिऊन टाकते. मला पटकन कळलं. गावाला विहिरीकडे जायची पायवाट अशीच होती, कितीही पाऊस पडो, पाय बुडायचा नाही.

जाताना म्हणाला, "एक मात्र ध्यानात ठेव हां बाय, त्या फटींत कधी..." तेवढ्यात दूध उतू गेलं. मी आत धावले. तो बाहेरून बराच वेळ काही सांगत होता. मी आतून हो हो म्हटलं.

४ मे, रविवार

मीटिंग. अण्णांचा कोबा, माझे दगड, आणि मध्येच वरच्या मजल्यावरची शांताबाई उठून म्हणाली, रंगीत टाइल्स घाला. तिच्या भाचीच्या मुलुंडच्या ब्लॉकमध्ये खाली टाइल्स आहेत, लाल आणि पिवळ्या, फार झकास दिसतात. मी विचारलं, पावसाचं पाणी कुठे जातं? ती म्हणाली, ते मी विचारलं नाही, मी बारशाला गेले होते.

अण्णा म्हणाले, "सुगंधाबाई, पाणी जिरतं हे मान्य. पण जिरून जातं कुठे? सोसायटीला त्याची माहिती हवी."

म्हटलं, पाताळात जातं, तिथे पत्र पाठवून विचारा.

तीन तास वाद झाला. शेवटी ठराव असा, की तिघांनी आपापला नमुना करून दाखवायचा, सहा फूट बाय सहा फूट. अण्णांचा त्यांच्या दारात, माझा माझ्या दारात, शांताबाईला खाली दारच नाही म्हणून तिचा नळाजवळ. महिनाभर पाऊस झाला की वीस जुलैच्या रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी मिळून बघायचं. ज्या नमुन्यावर पाणी साचेल तो बाद. जो उरेल त्याचं अख्खं अंगण करायचं. वहीत लिहिलं. मी इथे पण लिहिलं, म्हणजे ओलावा व्हायला नको.

१४ मे

दगड बसले. गवंडी गुणाजी आमच्याच गावचा, हात चांगला, पण तोंड फार. दगड घातले तोवर ठीक होता. मी म्हटलं आता सांधे भरू नको, नुसती खडी टाक, तर थापी खाली ठेवून बघत राहिला.

"काय गो वयनी, सांधे भरूचे नाय?"

"नाय भरूचे."

"मगे गवंडी कित्याक व्हयो? लोक माका हसतले. म्हणतले गुणाजी काम अर्धा टाकून पळालो."

म्हटलं, हसणाऱ्याला माझ्याकडे पाठव. तरी जाताना त्या उघड्या फटींकडे असा बघत होता जसं पोर नागडं सोडून चाललाय. त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं.

१८ मे, रविवार

पावसाआधी एक चाचणी घेऊ म्हणाले. प्रत्येक नमुन्यावर दहा बादल्या पाणी. नळाचं पाणी कोणी देईना, म्हणून सगळ्यांनी धुण्याचं आणलं. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं.

कोबा: पाणी थांबलं नाही, सरळ माझ्याकडे निघालं. टाइल्स: पाणी तिथेच बसलं, शांताबाई कौतुकाने मध्ये गेली आणि तीही तिथेच बसली. माझे दगड: दहावी बादली ओतून शांताबाईला उठवेपर्यंत पाणी गायब. कोब्यावरून आलेलं पण गिळलं. अण्णा वाकून बघत होते, जसं मी पदराखाली लपवलंय.

आमचे हे दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. गिरणी बंद झाल्यापासून ह्या माणसाला मी हसताना पाहिलं नव्हतं. बरं वाटलं, पण तसं बोलले नाही.

एवढ्या लोकांनी डोळे फाडून बघितलं, दृष्ट लागायची. उद्यापासून दगडांवर रोज शेणाचा सडा. इथल्या बायका नळाचं पाणी शिंपडतात आणि त्याला सडा म्हणतात. मी मागच्या तबेल्यातून ताजं शेण आणणार. हे म्हणाले, "अगं, पण त्या फटी..."

म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

२ जून

रोज पहाटे सडा चालू आहे. बादलीत शेण चांगलं कालवते, नुसतं हिरवं पाणी नाही. दगड गार दिसतात. वर चार बोटांची रांगोळी. शांताबाई वरून बघते आणि नाक धरते. तिच्या टाइल्सवर कोणी सडा घालायला गेलं तर हाडं मोडतील, म्हणून जळते.

मसाला झाला. यंदा नऊ डबे. खालीच ठेवलेत, आता भीती नाही.

१५ जून

पाऊस लागून आठवडा झाला. दगडांवर पाणी नाही. अण्णांना दोनदा बोलावून दाखवलं. एकदा ते जेवत होते.

एक त्रास आहे, पाऊस सडा टिकू देत नाही. पहाटे घातला की तासाभरात दगड लख्ख. म्हणून आता जाड घालते, आणि उघडीप मिळाली की संध्याकाळी परत. तोही जातो. माझे दगड पाणी तर जिरवतातच, शेणसुद्धा जिरवतात. कोब्याला जमेल का.

हे म्हणाले, "गावाला आपण पावसात खळं सारवतो का कधी? दिवाळीनंतर..."

म्हटलं, गाव गावाला राहिलं. इथे चारचौघांत दार चांगलं दिसायला हवं.

२४ जून

थोडं पाणी रेंगाळतंय. पाऊस जोराचा होता. लिहिण्यासारखं काही नाही.

२९ जून, रविवार

लिहिण्यासारखं आहे. दगडांवर वीतभर पाणी, पहाटेपासून दुपारपर्यंत हललं नाही. कोब्यावरून येणारं आणखी त्यात. उंबऱ्याला चार बोटं कमी. नऊ डबे एकेक करून पोटमाळ्यावर चढवले. हे खालून देत होते, मी वरून घेत होते. सातवा डबा देण्याआधी त्यांनी झाकणावरचं पाणी सदऱ्याने पुसलं.

शांताबाई जिन्यात उभी राहून बघत होती. अण्णा छत्री घेऊन आले, बघितलं, गेले. एक अक्षर बोलले नाहीत. जिंकलेला माणूस गप्प बसतो म्हणजे काहीतरी आहे.

जे मेमध्ये दहा बादल्या पीत होतं ते जूनमध्ये पीत नाही, म्हणजे कोणीतरी त्याचा गळा दाबलाय.

२ जुलै

उघडीप होती. उलथन्याचं टोक घालून एक फट उकरली. खडी दिसतच नाही. सगळी फट गच्च भरलेली. काळपट हिरवं, चिकट, आत गवताच्या बारीक काड्या. दुसरी उकरली, तेच. बावीस फटी उकरून बघितल्या, बावीसच्या बावीस बंद.

म्हणजे भरलंय. मुद्दाम, नीट, एक न सोडता. हे एका दिवसाचं काम नाही. रोज येऊन थोडं थोडं भरणाऱ्याचं काम आहे. रोज, माझ्या दारात, माझ्या नाकासमोर. काय छाती म्हणायची.

पुरावा म्हणून चहाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवलं. वास घेतला. ओळखीचा वाटला, पण कशाचा ते आठवेना. उगीच गावची आठवण आली.

हे डब्यात डोकावले, माझ्याकडे बघितलं आणि चप्पल घालून बाहेर गेले.

३ जुलै

पहिला गुणाजी. त्याला कामावरून बोलावून आणला. म्हटलं, तुला फटी उघड्या ठेवायची लाज वाटत होती, तूच भरल्यास. त्याने डबा हुंगला, डोकं खाजवलं. "वयनी, गवंडी सांधो सिमेंटान भरता. ह्या..." आणि थांबला. म्हटलं, बोल, ह्या काय? तो ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "माका काम आसा," आणि पळाला. पळणाऱ्याचं नाव लिहून ठेवते. गुणाजी.

दुसरी शांताबाई. तिला सरळ विचारलं, वरून काय टाकतेस. ती म्हणाली, "सुगंधा, एक सांगू का तुला? रागावणार नाहीस ना?"

म्हटलं, रागावण्यासारखं असेल तर रागावीन.

"मग नको बाई," म्हणाली. "माझं चहाचं आधण ठेवलंय." दुपारी दोन वाजता आधण.

६ जुलै

शेणाची बादली सापडेना. ह्यांना विचारलं तर म्हणाले, तिला भोक पडलंय, टाकून दिली. संडासामागे सापडली, उपडी घातलेली. भरून बघितली, थेंब गळत नाही. बसून बसून माणसाचं डोकं चालेनासं होतं. मी काही बोलले नाही. त्यांनाही सध्या ताप आहे, डबे उतरवायचे की नाही, गावाला पत्र टाकायचं की नाही, हे रात्रंदिवस डोक्यात. सडा तेवढा उशिरा झाला.

९ जुलै

दत्तारामकडे डबा पाठवला होता, लॅबमध्ये तपासून घे म्हणून. आज स्वतःच परत घेऊन आला. ओला झाला होता आणि हसत होता. म्हणाला, "बाय, ह्याला लॅब लागत नाही. साहेबांना दाखवलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

म्हटलं, मग सांग काय आहे.

"भावोजींनी सांगितलं नाही?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "ती शेवटपर्यंत ऐकेल तेव्हा सांगीन."

म्हटलं, मला ऐकायला वेळ कुठे आहे, उंबऱ्याला तीन बोटं राहिलीत. दोघं मेव्हणे बाहेर जाऊन विडी ओढत बसले. माझा सख्खा भाऊ. पवईचं पाणी लागलं की रक्तसुद्धा पातळ होतं.

१३ जुलै, रविवार

काल भर अंगणात मी अण्णांचं नाव घेतलं. सगळे ऐकत होते. म्हटलं, ज्याच्या कोब्याला माझे दगड हरवत होते त्यानेच हे केलं. अण्णा पांढरे पडले.

आज सकाळी घरी आले. खुर्ची दिली, चहा दिला, शिव्या बाजूला ठेवल्या. म्हणाले, "सुगंधाबाई, माझा कोबा हरला तरी चालेल, पण पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर कोणी मेमो काढला नाही. हा डाग घेऊन मी ह्या अंगणातून चालणार नाही."

म्हटलं, मग सांगा कोणी केलं. तुम्हाला माहीत आहे.

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. दाराबाहेर बघितलं. मी नुकताच सडा घालून आले होते, दारात ओला होता. म्हणाले, "बायकांच्या सकाळच्या धर्मात मी बोलत नाही."

कुठली बाई, कुठला धर्म. मी फटीचं विचारते, हा माणूस कीर्तन सांगतो. म्हातारपण लवकर आलं बिचाऱ्याला.

मग त्यांनीच खिशातून कागद काढला. लिहून आणलं होतं. ठराव असा, की ज्या व्यक्तीने सदर फटी बुजवल्या असतील त्या व्यक्तीने सर्वांसमक्ष स्वहस्ते त्या साफ कराव्यात, पुन्हा बुजवणार नाही असं लेखी द्यावं, आणि मग नमुन्याची परत चाचणी घ्यावी. पाणी जिरलं तर अख्ख्या अंगणाला दगड.

मी दोनदा वाचलं. कुठे खोच आहे का बघितलं. नाही. उलट माझ्याच फायद्याचं. विचारलं, आणि ती व्यक्ती सापडली नाही तर?

"तर वीस तारखेला नमुना बाद," अण्णा म्हणाले. "कोबा. मला इलाज नाही." हे म्हणताना त्यांनी माझ्या पोटमाळ्याकडे बघितलं, डब्यांकडे. खोटं कशाला लिहू, त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

१६ जुलै, बुधवार

कागद घेऊन सगळ्या खोल्या फिरले. मला वाटलं अर्धे लोक सही करणार नाहीत. सगळ्यांनी केली. शांताबाईने तर दारातच, पीठ लागलेल्या हाताने केली, आणि म्हणाली, "देव करो आणि त्या माणसाला अक्कल येवो." गुणाजी चाळीत राहतसुद्धा नाही, त्याने पण केली. अण्णांनी सगळ्यात वर केली, घोटीव. आमच्या ह्यांनी कागद हातात धरून इतका वेळ लावला की मला वाटलं वाचता येईना. मग केली आणि म्हणाले, "साफ करायला मी बसेन त्या माणसाबरोबर. एकट्याला बावीस फटी जड जातील."

म्हटलं, काही नको. ज्याने केलं त्याने भोगावं. गुडघे टेकून, खिळा घेऊन, एकेक फट.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण मला ती कळली नाही. सही करताना एकानेही माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. अख्खी चाळ एका चोराला घाबरते म्हणजे तो मोठाच कोणीतरी असणार. मी घाबरत नाही. कोणी का असेना, तोंडावर सांगीन.

आज दोन बोटं राहिली. रविवारी सगळे दारात जमणार, म्हणून तबेल्यात दोन घमेली ताजं शेण आत्ताच सांगून ठेवलंय. लोकांनी येऊन बघायचं ते स्वच्छ जागेवर.

खालची नोटीस आधी इथे लिहिते, मग चांगल्या कागदावर उतरवून नळाजवळच्या फळ्यावर लावते. तिथे सगळ्यांना थांबावंच लागतं.

*सेक्रेटरी अण्णा टिपणीस आणि सर्व सभासद यांस. खोली क्रमांक एकसमोरच्या दगडांच्या बावीस फटी मे महिन्यानंतर कोणीतरी रोज येऊन भरल्या आहेत. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि तुम्ही सगळे गप्प आहात. माझ्या घराचं काय व्हायचं ते ह्या एका नावावर आहे. डबे वर आहेत, आम्ही खाली आहोत, आणि पाणी दोन बोटांवर आहे. मला दया नको, चहा नको, धर्माच्या गोष्टी नकोत. ते नाव मला लेखी पाहिजे. पूर्ण नाव, खोलीच्या नंबरासकट, भीड न ठेवता. किरकोळ वगैरे शब्द चालणार नाहीत. मुदत रविवार, २० जुलै, सकाळी दहा. मी दारात उभी असेन. सुगंधा काशीराम, खोली क्रमांक एक.*